‘सहकुटुंब पाहा’ म्हणण्यापूर्वी

कोवलम हे नाव ऐकताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर केरळमधील नारळीच्या रांगा आणि दीपगृह उभे राहते. माझी बदली कोवलमला झाल्याचे कळले तेव्हा मिरजेच्या माझ्या आईनेही शेजारणींना ‘लेक केरळात चालली’ असे सांगून टाकले होते. वस्तुतः माझे कोवलम दुसरे. चेन्नईहून पूर्व किनारा मार्गाने दक्षिणेस निघाले की सुमारे चाळीस किलोमीटरवर, मुट्टुकाडूची खाडी ओलांडल्यानंतर आणि महाबलीपुरमच्या बरेच अलीकडे, हे कोळ्यांचे गाव लागते. कर्नाटकच्या नवाबांच्या काळात येथे बंदर होते आणि किल्लाही होता. तो १७५२ मध्ये इंग्रजांनी जिंकून उद्ध्वस्त केला. आज गावात चर्च आहे, दर्गा आहे, मंदिरे आहेत, वाळूवर ओढून ठेवलेल्या फायबरच्या होड्या आहेत आणि लाटांवर फळी घेऊन स्वार होणारी स्थानिक मुले आहेत. आमच्या शाखेच्या खिडकीसमोर सकाळी मासळीच्या वासाचा रुपया आणि दुपारी माहिती तंत्रज्ञान कंपनीतील तरुणाचे कार्ड, असे दोन्ही येते.

या गावात मला सर्वप्रथम कोणता तमीळ प्रश्न समजू लागला असेल, तर तो ‘एन्न पडम पार्त्तींग?’ हा. अर्थ इतकाच, की ‘कोणता सिनेमा पाहिलात?’ आपल्याकडे ओळख वाढवताना ‘गाव कोणते?’ असे विचारतात, त्याच सहजतेने येथे हा प्रश्न येतो. सोमवारी सकाळी रोखपालांची खिडकी उघडण्यापूर्वीची दहा मिनिटे शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाची असतात. कानत्तूरचे सोळा पडद्यांचे ‘मायाजाल’ याच रस्त्यावर, आमच्यापासून थोड्याच अंतरावर आहे. त्यामुळे कोणी ना कोणी काही ना काही पाहून आलेले असतेच. मी मराठी असल्याचे समजल्यावर मंडळींनी माझ्याकडे आशेने पाहिले. त्यांच्या समजुतीप्रमाणे मुंबईकडची बाई म्हणजे हिंदी चित्रपटांची अधिकृत प्रतिनिधी! मी मराठी चित्रपटांविषयी बोलू लागले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले. त्या भाषेतही चित्रपट निघतात, एवढीच त्यांची माहिती होती. ते आश्चर्य दूर करण्याच्या भरात माझ्या हातून जी चूक झाली, तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

आमचे रोखपाल मूळचे मैलापूरचे, निवृत्तीला दोन वर्षे उरलेले. स्वभावाने अबोल, परंतु चित्रपटाचा विषय निघाला की त्यांची खिडकी बंद व्हायला उशीर ठरलेला. रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी मला विचारले, ‘मॅडम, तुमच्या भाषेतला एकच पाहायचा असेल तर कोणता?’ मी क्षणाचाही विलंब न लावता ‘श्वास’चे नाव घेतले. संदीप सावंत यांचा हा चित्रपट २००४ साली आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांतील सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’ला हा सन्मान १९५४ मध्ये लाभला होता. त्यानंतर पन्नास वर्षांनी तो मराठीकडे आला. पुढे ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. परदेशात चित्रपटाचा प्रचार करायला पैसा नव्हता, म्हणून महाराष्ट्रात वर्गणी जमली आणि शाळकरी मुलांनीही आपला वाटा दिला. मी तेव्हा दहावीत होते. आमच्या वर्गातही डबा फिरला आणि मी दहा रुपये टाकले. गंमत अशी, की तोवर मी तो चित्रपट पाहिलेला नव्हता. घरी आई म्हणाली होती, मावशी म्हणाली होती, वर्गातील दोन मुली रडून आल्या होत्या. तेवढ्या भरवशावर दहा रुपये दिले. कागदपत्रांविना, तारणाविना दिलेले माझ्या आयुष्यातील ते पहिले कर्ज म्हणायला हरकत नाही. पुढे चित्रपट पाहिला आणि ते व्याजासह फिटले.

‘श्वास’मध्ये कोकणातील एक आजोबा नातवाला घेऊन शहरातील रुग्णालयात येतात. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग आहे आणि जीव वाचवायचा तर दृष्टी द्यावी लागणार आहे. शस्त्रक्रियेपूर्वी त्या मुलाला हे कोणी सांगायचे आणि कसे सांगायचे, याभोवती कथा फिरते. अरुण नलावडे यांचे आजोबा ज्यांनी पाहिले, त्यांना ते विसरता येणार नाहीत. माझ्याजवळ इंग्रजी उपशीर्षके असलेली या चित्रपटाची जुनी डीव्हीडी होती. ती रोखपालांच्या हाती देताना मी म्हणाले, ‘नक्की पाहा. सहकुटुंब पाहा.’

सोमवारी ती डीव्हीडी पाकिटात घालून माझ्या टेबलावर ठेवलेली होती. आभाराची चिठ्ठी नव्हती, अभिप्राय नव्हता. पुढचा आठवडाभर आमचे बोलणे शिल्लक रोकड आणि फाटक्या नोटा यांपलीकडे गेले नाही. शेवटी शाखेतील शिपाईमामांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की रोखपालांच्या चार वर्षांच्या नातीच्या डोळ्यावर आदल्या वर्षी मोठी शस्त्रक्रिया झाली होती. दुखणे ‘श्वास’मधले नव्हे. मूल आता बरे होते, मात्र एका डोळ्याला कमी दिसत होते. रविवारी संध्याकाळी सारे घर दूरचित्रवाणीसमोर बसले. पाऊण तासाने सूनबाई उठून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

दुपारच्या डब्याच्या वेळी मी त्यांच्याकडे गेले आणि क्षमा मागितली. त्यांनी डब्याचे झाकण लावले आणि शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, पिक्चर उत्तम आहे. सगळे झोपल्यावर मी रात्री एकटा बसून तो पुरा केला. त्यातला डॉक्टर आजोबांना समोर बसवून नीट समजावतो. आमच्या वाट्याला असा समजावणारा कोणी आला नाही. म्हणून मला तो भाग पुन्हा लावून पाहावासा वाटला. पण तुम्ही सहकुटुंब म्हणालात. तेवढे म्हणायला नको होते. मला आधी ठाऊक असते, तर मी पहिल्यांदाच एकट्याने पाहिला असता.’

शिफारस चित्रपटाची चुकली नव्हती, माणसांची चुकली होती. आम्ही बँकेत कर्जाचा प्रस्ताव आला की धंदा चांगला आहे का, एवढेच पाहून थांबत नाही. कर्ज कोणाला, कशासाठी, घरात कमावते किती, खाणारे किती, हे सारे विचारतो. आणि चित्रपट सुचवताना मात्र मी अर्जदाराचे नाव न वाचताच मंजुरीचा शिक्का उठवला होता. ‘सहकुटुंब सहपरिवार पाहा’ ही तर आपल्याकडच्या जाहिरातींची जुनी ओळ. तिच्यात कुटुंब सगळीकडचे एकसारखे, सुखी आणि रविवारी मोकळे असे धरलेले असते.

मात्र या प्रसंगानंतर आमचे बोलणे खुंटले नाही, उलट वाढले. आता मी त्यांची पद्धत न्याहाळू लागले. कोणी ‘काही चांगले सांगा’ म्हणाले की ते लगेच नाव घेत नाहीत. घरी कोण कोण असते, रात्री किती वाजेपर्यंत जागता, मागे कोणता आवडला होता आणि कोणता अर्ध्यावर सोडलात, असे विचारतात. अर्ध्यावर सोडलेल्या चित्रपटाचे नाव त्यांना अधिक महत्त्वाचे वाटते. माझे वडील शेतकरी होते हे कळल्यावर त्यांनी मला एम. मणिकंदन यांचा ‘कडैसी विवसायी’ हा २०२२ चा चित्रपट सांगितला, पण सोबत सूचना जोडली, ‘पहिला अर्धा तास काही घडत नाही असे वाटेल. उठू नका.’ ती सूचना नसती, तर मी खरोखर उठले असते. गावातील अखेरचा उरलेला एक वृद्ध शेतकरी, त्याच्यावर मोर मारल्याचा खोटा आरोप, आणि तो कोठडीत असताना शेतातल्या उभ्या पिकाला पाणी कोणी घालायचे हा प्रश्न. न्यायाधीश त्यावर जो तोडगा काढतात तो मी येथे सांगत नाही. प्रमुख भूमिकेत नल्लांडी नावाचे खरेच एक खेड्यातील वृद्ध आहेत. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. पीककर्जाची प्रकरणे हाताळणाऱ्या आपल्या सर्व सहकाऱ्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा असे मला वाटते. ‘अवश्य’ हा शब्द मी येथे विचारपूर्वक वापरते आहे.

याच दिग्दर्शकाचा ‘काक्का मुट्टै’ (२०१५) मात्र मी कोणालाही निर्धास्तपणे सांगते. चेन्नईच्या झोपडपट्टीतील दोन भावांना पिझ्झा खायचा आहे. रेल्वेरुळांच्या कडेला पडलेला कोळसा वेचून ते त्यासाठी पैसे साठवतात. आजी बिचारी डोशावर भाज्या पसरून घरीच पिझ्झा करून देते आणि नातू नाक मुरडतात. हसता हसता पोटात कालवते. मुलांना बचतीचे महत्त्व पटवण्यासाठी आम्ही शाळांतून जी भाषणे देतो, त्यांऐवजी हा चित्रपट दाखवावा असे मी एकदा बैठकीत सुचवले होते. पैसे जमल्यावर त्या मुलांना दुकानात कसे वागवले जाते हे आठवून मग मीच गप्प बसले.

कोवलमला येण्यापूर्वी सहा महिने मी चेन्नई शहरातील एका शाखेत होते. सौकारपेठेतील काही गलाई व्यावसायिक तेथील खातेदार. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली ही माणसे. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहूनही त्यांच्या बोलण्यातला माणदेश गेलेला नाही. त्यांपैकी एका गृहस्थांचे चित्रपटाविषयीचे मत मला मोठमोठ्या समीक्षकांच्या मतांपेक्षा मोलाचे वाटे. दुकानात तमीळ बोलणारे, पहिल्या दिवशीचा पहिला खेळ न चुकवणारे, आणि वर्षातून एकदा यात्रेला गावी गेले की मराठी चित्रपट पाहून येणारे. ‘सैराट’ (२०१६) त्यांनी तसाच गावाकडे पाहिला होता. मी विचारले, ‘कसा वाटला?’ ते म्हणाले, ‘म्याडम, गाणी लागली तवा पोरं शिट्ट्या मारत हुती. शेवट झाला आन्‌ आमी चौघं गाडीपतूर एक शबुद बोललो न्हाई.’ नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाविषयी मी पानेच्या पाने वाचली आहेत, पण न सांगता सारे सांगणारा असा अभिप्राय दुसरा आढळला नाही. पुढे तेच म्हणाले, की घरातल्या लग्नाच्या मुलीला सोबत नेले होते आणि परतताना तिच्याकडे पाहायचे धाडस झाले नाही. त्यावर काय बोलावे हे मला सुचले नाही. मी त्यांचा धनादेश पुढे सरकवला.

एक गोष्ट या व्यवहारात फार निकडीची असते, ती म्हणजे वेळ. मोठ्या नटाच्या चित्रपटाला कोणाच्या शिफारशीची गरज नसते. छोट्या चित्रपटाला शुक्रवारी एखादा आडवेळचा खेळ मिळतो. शनिवार-रविवार खुर्च्या रिकाम्या दिसल्या, की सोमवारपासून तोही जातो. अशा चित्रपटाविषयी दहाव्या दिवशी ‘अरे, फार सुंदर होता’ म्हणणे म्हणजे मुदत संपल्यावर विम्याचा हप्ता भरणे होय. उलट पहिल्या तीन दिवसांत पाहिलेल्यांनी चार जणांना सांगितले, तर चित्र पालटते. २०२५ च्या मे महिन्यात ‘टुरिस्ट फॅमिली’ या तमीळ चित्रपटाचे आमच्या डोळ्यांदेखत असेच झाले. श्रीलंकेहून समुद्रमार्गे आलेले एक तमीळ कुटुंब चेन्नईत भाड्याने राहते, आपली ओळख लपवते आणि हळूहळू साऱ्या गल्लीला आपलेसे करते, एवढीच गोष्ट. दिग्दर्शक नवा, मारामारी नाही. तरी आमच्या शाखेत पहिल्या आठवड्यात दोघांनी पाहिला आणि दुसऱ्या आठवड्यात अकरांपैकी नऊ जणांनी. बदलीवर आलेल्या माणसाला त्यात स्वतःचे काही सापडते, म्हणून मलाही तो अधिक आवडला असावा. त्याच वर्षी सप्टेंबरात आईचा मिरजेहून फोन आला, ‘अगं, प्रभावळकरांचा दशावतार बघितला. तिकडं लागलाय का बघ, आत्ता बघ, जाईल!’ तिने ‘आत्ता’वर दिलेला जोर मला अगदी योग्य वाटला. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ पाहायला तिच्या भिशीतल्या अकरा जणी नऊवारी-पैठण्या नेसून गेल्या होत्या. त्यांच्यापैकी सहा जणींनी तो थिएटरात दुसऱ्यांदा पाहिला. असे जमाखर्च कोणत्याही जाहिरात संस्थेला जमणार नाहीत.

ताऱ्यांचे मात्र मला कधी काही समजले नाही. पाचपैकी साडेतीन तारे म्हणजे काय? कर्जदाराचा पतगुणांक तीनशे ते नऊशे यांच्या दरम्यान कुठेतरी असतो आणि त्याचा उपयोग आम्ही रोज करतो. पण त्या आकड्यामागे निदान फेडलेल्या-बुडवलेल्या हप्त्यांचा इतिहास तरी असतो. ताऱ्यांमागे कोण बसले आहे, त्याला काय आवडते, त्या दिवशी त्याचे डोके दुखत होते का, हे कळायला मार्ग नाही. त्यापेक्षा मला ओळखीच्या माणसाचे मत बरे, मग ते चुकीचे का असेना. माझ्या एका मैत्रिणीला जे जे आवडते ते ते मला हमखास कंटाळवाणे वाटते. तिच्या शिफारशींचे खाते मी केव्हाच अनुत्पादक म्हणून वर्ग केले आहे. पण त्यामुळेच ते अत्यंत उपयुक्त ठरले आहे. तिने नाके मुरडली, की मी तिकीट काढते.

मतभेदांचाही आनंद असतो. ‘मेय्यळगन’ हा २०२४ चा चित्रपट. तंजावरकडचे वडिलोपार्जित घर सोडून चेन्नईत आलेला एक मनुष्य वीस वर्षांनी नात्यातल्या लग्नासाठी परत जातो. तेथे एक दूरचा नातेवाईक त्याच्यावर जीव ओवाळून टाकतो. या सद्‌गृहस्थांना मात्र त्याचे नाव काही केल्या आठवत नाही आणि विचारायची लाज वाटते. आपल्यापैकी कोणावर हा प्रसंग आलेला नाही? आमच्या खिडकीवर तर रोज येतो! चित्रपट लांबला अशी तक्रार प्रेक्षकांनी केली आणि प्रदर्शनानंतर काही दिवसांतच निर्मात्यांनी त्यातील सुमारे अठरा मिनिटे कापली. रोखपालांच्या मते हा घोर अन्याय. ‘पाहुण्याला जेवायला वाढायचे आणि पोळी अर्धी मोडून उचलून घ्यायची, तसे झाले,’ असे ते म्हणाले. मी दोन्ही पाहिले. रात्रभर चालणाऱ्या त्या दोघांच्या गप्पा कमी झाल्या तर नुकसानच होते हे मला मान्य, तरी काही भागात मीही घड्याळ पाहिले होते. यावर आमचा वाद तीन दिवस चालला. व्यवस्थापक साहेबांनी शेवटी ‘तिमाही ताळेबंद झाल्यावर निकाल लावा’ असा आदेश दिला. तंजावर म्हटल्यावर मी भोसल्यांचा, सरस्वती महालाचा विषय काढणारच होते. तेवढ्यात रोखपाल म्हणाले, ‘तुमच्या लोकांनी आमच्यासाठी पिक्चरही काढला होता.’

मला हे ठाऊक नव्हते, ते येथे येऊन त्यांच्याकडून कळले. १९३४ च्या सुमारास आपल्या प्रभात फिल्म कंपनीने ‘सीता कल्याणम्’ हा तमीळ बोलपट काढला. दिग्दर्शक बाबूराव पेंढारकर, कलाकार मात्र तिकडून आणलेले. पापनाशम शिवन यांचे चित्रपटसंगीतातील ते पदार्पण. पुढे विख्यात वीणावादक झालेले एस. बालचंदर त्यात बालकलाकार होते. राम झाले एस. राजम आणि सीता झाली ती त्यांची सख्खी बहीण जयलक्ष्मी. भावा-बहिणीने राम-सीता व्हावे यावरून मद्रासच्या सनातनी घरांत बरीच खळबळ माजली. ‘पाहू नका’ असे सांगणारेही पुष्कळ निघाले. चित्रपट तरीही चालला. रोखपालांच्या आजीने तो ‘पाहू नका’ हे ऐकूनच पाहिला होता, असे त्यांच्या घरी सांगतात.

आता ‘कासव’विषयी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटाला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळाले. त्याचे चित्रीकरण कोकणातले आणि पार्श्वभूमी ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाची. ही कासवे रत्नागिरीच्या वेळासला जशी येतात, तशीच येथेही येतात. जानेवारी ते मार्च-एप्रिल या काळात रात्री वाळूत खड्डा करून अंडी घालतात आणि पहाटेच्या आत परततात. चेन्नईत तर १९८८ पासून विद्यार्थी-स्वयंसेवक या मोसमात रात्री किनाऱ्यावरून पायी फिरून घरटी शोधतात आणि अंडी सुरक्षित ठेवतात. जानेवारी २०२५ मध्ये मात्र चेन्नईपासून या भागापर्यंतच्या किनाऱ्यावर शेकडो मृत कासवे वाहून आली. कासवाला श्वास घ्यायला पृष्ठभागावर यावे लागते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून खालीच राहिले, की ते गुदमरून मरते. त्या दिवसांत कोवलमच्या वाळूवर पाय टाकवत नव्हता.

आमचे एक खातेदार आहेत, साठीकडे झुकलेले. होडीच्या इंजिनासाठी त्यांनी आमच्याकडून कर्ज घेतले होते, ते कधीच फेडून झाले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. थोरला भाऊ या अर्थाचा हा शब्द आपल्याकडे आणि त्यांच्याकडे सारखाच असल्यामुळे मला तेथे कधी अडखळावे लागले नाही. मेलेल्या कासवांचे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ट्रॉलरवाल्यांवर राग. मी म्हणाले, ‘अण्णा, आमच्या भाषेत कासवांवर एक सिनेमा आहे.’ तोंडातून शब्द गेला आणि मला ती पाकिटातली डीव्हीडी आठवली. मग मी खुर्ची पुढे ओढून त्यांना बसवले आणि पुरते सांगितले. की चित्रपटात कासवे आहेत, पण तो कासवांचा नाही. त्यात एक तरुण मुलगा आहे, त्याला जगावेसे वाटत नाही. एक बाई त्याला घरी आणते आणि फार प्रश्न न विचारता सांभाळते. त्या बाईनेही पूर्वी बरेच सोसलेले आहे. चित्रपट संथ आहे, दुःखाचा आहे, पण अखेरीस मन मोकळे होते. घरी कोणी अशा अवस्थेत असेल, तर आधी तुम्ही एकट्याने पाहा.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘सुनामीनंतर माझा धाकटा भाऊ असाच बसून असायचा. होडी गेली होती, माणसे वाचली होती. तरी वर्षभर समुद्राकडे पाठ करून बसायचा.’ २६ डिसेंबर २००४ च्या त्या सकाळी या किनाऱ्यावर काय झाले, हे येथे प्रत्येक घराला ठाऊक आहे. मला वाटले, आता ते नको म्हणतील.

त्यांनी तो नातवाच्या मोबाईलवर पाहिला. नातू इंग्रजी अक्षरे वाचून तमीळमध्ये सांगत होता. तीन बैठकींत, म्हणजे बँकेच्या भाषेत तीन हप्त्यांत. आठवड्याने पासबुक भरायला आले तेव्हा त्यांनी आपले मत दिले. कासवांची माहिती बरोबर आहे, पण ट्रॉलर दाखवायला हवे होते. समुद्र आमच्यापेक्षा मवाळ वाटतो. तो मुलगा पहिल्यांदा जेवतो ती जागा चांगली आहे. आणि मग म्हणाले, ‘भावालाही दाखवला. तो म्हणाला, त्या बाईसारखे माझ्याशी गप्प राहणारे कोणी नव्हते, सगळे बोलतच होते.’ एवढे बोलून त्यांनी पासबुक पिशवीत घातले आणि गेले.

हे मी रोखपालांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि ‘श्वास’ची डीव्हीडी अजून माझ्याकडे आहे का, असे विचारले. सूनबाईंनी मागितली होती. मी दुसऱ्या दिवशी आणून दिली. काही म्हटले नाही. ती अद्याप परत आलेली नाही आणि मीही तगादा लावलेला नाही.

येत्या जानेवारीत आई महिनाभर माझ्याकडे राहायला येणार आहे. कासवे पाहायची तिची इच्छा आहे, आणि मला तिला ‘मेय्यळगन’ दाखवायचा आहे. अठरा मिनिटांसह दाखवावा की वगळून, यावर काल पुन्हा वाद निघाला. रोखपालांनी विचारले, ‘आईंचे वय किती? गुडघे कसे आहेत? दुपारी झोपतात का?’ मी उत्तरे दिली. त्यांनी थोडा विचार केला आणि पैसे भरण्याच्या एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर लिहून दिले: पूर्ण दाखवा. लग्नाचा भाग पहिल्या दिवशी, रात्रीच्या गप्पा दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर.